ब्लाइंड स्पॉटसाठी रडार की कॅमेरा? घोडबंदरवाल्यांचा हिशेब वेगळा आहे

मेहुणा ठाण्यात घोडबंदर रोडवर पातलीपाड्याला राहतो, नोकरी ऐरोलीला. नवी गाडी घेतोय. ब्लाइंड स्पॉट, म्हणजे आरशांत न दिसणारा बाजूचा भाग, टिपायला मधल्या व्हेरियंटला आरशाखाली कॅमेरा, वरच्याला मागच्या बंपरमध्ये रडारसुद्धा. त्याचा फोन आला, "दाजी, रडारसाठी वरचे पैसे मोजू का?"

आधी रडार. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, आतल्या बाजूला छोटे सेन्सर असतात. नव्या गाड्यांत ते बहुधा 77 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतात. लहर परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, तिच्या बदललेल्या कंपनसंख्येवरून वेग. आपण ताशी 50 ने जात असलो की मेट्रोचे बॅरिकेड 50 नेच मागे पळतात, म्हणून यंत्रणा त्यांना सोडून देते. बरोबरीने येणारा कंटेनर मात्र लगेच पकडते. आरशात पिवळा दिवा लागतो आणि त्याच बाजूचा इंडिकेटर दिला की तो लुकलुकतो, बीपही वाजतो. अनेक गाड्यांत ठरावीक वेगाखाली मात्र ही यंत्रणा गप्प असते.

हे मी अनुभवलंय. गेल्या पावसाळ्यात मानपाड्याला सर्व्हिस रोडकडे डावीकडे वळत होतो, वेग जेमतेम दहा. गाडीला रडार आहे, पण दिवा लागलाच नाही. फुटपाथला घासत एक बाइक आली, तिचं हँडल माझ्या दाराला लागलं. पोराने पाय टेकवला म्हणून पडला नाही. माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते.

कॅमेऱ्याचं काम सरळ आहे. इंडिकेटर दिला की त्या बाजूचं चित्र दिसतं. ह्युंदाई, कियाच्या काही मॉडेलांत दोन्ही बाजूंचं, तेही स्टिअरिंगसमोरच्या मीटरमध्ये. होंडा सिटीच्या लेनवॉचमध्ये फक्त डावीकडचं, मधल्या स्क्रीनवर. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे न दिसणारा भाग डावीकडेच जास्त, आणि बाइकही तिथूनच घुसतात. गाडी रांगत असली तरी चित्र दिसतं. पण कॅमेरा स्वतःहून सावध करत नाही. इंडिकेटर न देता लेन बदलायची सवय असेल तर तो फुकट. पावसात भिंगावर थेंब बसले की चित्र धूसर होतं.

रडारची आणखी एक गोष्ट: बंपर ठोकला गेला की सेन्सरसमोर पुट्टी आणि रंगाचे थर चढवू देऊ नका, आणि कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर पुन्हा नीट जुळवणं, करून घ्या.

आरशावर चिकटवायचा गोल आरसा जुन्या गाडीला उत्तम, फक्त त्यात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते.

दर आठवड्याला एक्स्प्रेसवेने पुण्याला जाणाऱ्याने रडारच घ्यावं. मेहुण्याची गाडी घोडबंदरच्या गर्दीत रांगतच जाणार, म्हणून त्याला मी कॅमेरावाली सांगितली. म्हटलं, टेस्ट ड्राइव्ह शोरूममागच्या गल्लीत नको, संध्याकाळी सातला माजिवड्याच्या पुलाखाली घे, आणि डावा इंडिकेटर देऊन बघ.