फेअरफोन ५: पार्ट बदला, फोन नको

युरोपात राहत असाल आणि पर्यावरणाचा विचार करून फोन घ्यायचा असेल तर मी बिनधास्त सांगेन, फेअरफोन ५ बघा. अ‍ॅमस्टरडॅमच्या कंपनीचा फोन, २०२३ ला आलेला. मागचं कव्हर नखाने निघतं, बॅटरी हाताने बाहेर येते आणि स्क्रीन, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट सगळं एका साध्या स्क्रूड्रायव्हरने घरीच बदलता येतं, आयफिक्सिटने (फोन उघडून दुरुस्ती किती सोपी आहे ते तपासणारी कंपनी) दुरुस्तीला १० पैकी १० दिलेत ते उगाच नाही. फोनचं बरंचसं कार्बन उत्सर्जन तो बनवतानाच होतं, म्हणून एकच फोन जास्त वर्षं टिकवणं हेच खरं काम, आणि इथे सॉफ्टवेअर सपोर्ट २०३१ पर्यंत, वॉरंटी ५ वर्षं (रजिस्टर करायला विसरू नका हं).

हेडफोन जॅक नाही हे मात्र मला अजिबात पटलं नाही, घरातले चांगले वायरवाले हेडफोन कचऱ्यात टाकायचे का? वजन २१२ ग्रॅम, जडच वाटतो. लाँचची किंमत ६९९ युरो.

भारतात अधिकृतपणे मिळत नाही, त्यामुळे तिकडच्यांनी मागवायच्या भानगडीत पडू नका, पार्टच मिळाले नाहीत तर उपयोग काय, त्यापेक्षा आहे त्याच फोनची बॅटरी बदलून घ्या.