बीआय टूल डेटाबेसला जोडताना: आयपी अलाउलिस्ट की एसएसएच टनेल?

क्लाउडवरचं बीआय टूल (डेटावरून रिपोर्ट आणि डॅशबोर्ड बनवणारं सॉफ्टवेअर) पोस्टग्रेस डेटाबेसला जोडायचा सोपा रस्ता म्हणजे फायरवॉलमध्ये त्या टूलचे आयपी पत्ते टाकून (हीच आयपी अलाउलिस्ट) त्यांच्यासाठी पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट उघडायचा. काम झटपट होतं. पण ते आयपी बहुतेकदा त्या सेवेच्या सगळ्या ग्राहकांचे सामायिक असतात, म्हणजे तिथला दुसरा कोणीही तुमच्या डेटाबेसच्या दारापर्यंत पोचू शकतो. एसएसएल (जोडणीचं एन्क्रिप्शन) तर हवंच, आणि नीट हवं. जोडणीच्या सेटिंगमधला ‘एसएसएलमोड’ नुसता ‘रिक्वायर’ ठेवला तर डेटा एन्क्रिप्ट होतो, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे एरवी तपासलं जात नाही. त्यासाठी ‘व्हेरिफाय-फुल’ हा मोड आणि सर्व्हरची ओळख पडताळणारं रूट सर्टिफिकेट लागतं.

एसएसएच टनेलमध्ये (मधल्या एका सर्व्हरमार्फत जाणारी एन्क्रिप्टेड जोडणी) डेटाबेस खासगी नेटवर्कमध्येच राहतो. बाहेरून दिसतो तो फक्त हा मधला, म्हणजे बॅस्टियन सर्व्हर. तिथे पासवर्ड लॉगिन बंद करा, फक्त एसएसएच-की (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) चालू द्या आणि एसएसएच सर्व्हरच्या ‘परमिटओपन’ सेटिंगने एकाच होस्ट-पोर्टची मुभा ठेवा. कटकट आहेच: तो सर्व्हर अपडेट ठेवावा लागतो आणि टनेल तुटला की डॅशबोर्डवर एरर झळकतात. तरी ग्राहकांची माहिती असेल तर मी टनेलच निवडेन.

दोन्हीकडे टूलसाठी वेगळा, फक्त सिलेक्टचे (डेटा वाचण्याचे) हक्क असलेला युजर बनवा. शक्य असेल तर रीड रेप्लिकावर (डेटाबेसची फक्त वाचायची प्रत).