तिसरा डोस: पहिलीच लस घ्यावी की बदलावी?

आई ७४ वर्षांची, मधुमेह आहे, करोनाच्या कोविशील्ड लसीचे दोन डोस झालेत. सासरे ७८ वर्षांचे, त्यांचे कोव्हॅक्सिनचे दोन. तिसरा दोघांचाही राहिलेला. डिसेंबर २०२२ मध्ये चीनमधल्या करोनाच्या लाटेच्या बातम्या यायला लागल्या आणि एकाच आठवड्यात दोघांनी मला तोच प्रश्न विचारला, "तीच घ्यायची की दुसरी?" मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं की माझ्याकडे एका ओळीत उत्तर असणार. उत्तर आहे, पण आईचं वेगळं आणि सासऱ्यांचं वेगळं. आधी कुठली लस घेतली होती यावर ते अवलंबून आहे. सोसायटीतल्या बऱ्याच ज्येष्ठांचा गोंधळ नेमका इथेच होतो, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये जे उपलब्ध होतं त्याच्या आधारे हे लिहिलं आहे; नियम, किमती आणि सल्लाही तेव्हाचाच.

नियम आधी. प्रिकॉशन डोस, म्हणजे हा तिसरा (बूस्टर) डोस, १० जानेवारी २०२२ ला सुरू झाला तेव्हा पहिले दोन डोस ज्या लसीचे, तिसराही तिचाच असं बंधन होतं. सात महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, ते सैल झालं आणि अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिननंतर कोर्बेव्हॅक्स ही वेगळी लस घ्यायची मुभा मिळाली. डिसेंबरात नाकातून द्यायची इन्कोव्हॅक कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर आली आणि २६ जानेवारी २०२३ ला तिचं उद्घाटन झालं. कोव्होव्हॅक्स या आणखी एका लसीलाही बूस्टर म्हणून मंजुरी मिळाली होती, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये कोविनवर ती अजून दिसत नव्हती. म्हणजे तेव्हा हातात तीन वाटा होत्या: तीच लस, कोर्बेव्हॅक्स किंवा इन्कोव्हॅक. कोविशील्डवाल्याने कोव्हॅक्सिन घेणं किंवा उलट करणं या नियमात बसत नव्हतं. दुसऱ्या डोसनंतर सहा महिने, म्हणजे २६ आठवडे, झालेले हवे होते. मधे करोना होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून तीन महिने थांबायचं होतं.

आता लस बदलून काय होतं ते. कोविशील्डमध्ये चिंपांझीचा एक निरुपद्रवी केलेला सर्दीचा विषाणू करोनाच्या काटेरी प्रथिनाचा आराखडा पेशीत पोचवतो. शरीर ते प्रथिन ओळखायला शिकतं, पण ते वाहून आणणारा विषाणूही त्याच्या लक्षात राहतो. तोच वाहक तिसऱ्यांदा आला की त्याला दारातच अडवलं जाण्याची शक्यता वाढते. कोव्हॅक्सिनची तऱ्हा निराळी. पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेत, वेगळा काढलेला विषाणू वाढवून, मारून, तो पूर्ण टोचतात. कोर्बेव्हॅक्समध्ये विषाणू मुळीच नाही. काटेरी प्रथिनाचा, पेशीला चिकटणारा तेवढा तुकडा यीस्टमध्ये तयार करतात, हिपॅटायटिस बीची लस जशी बनते त्याच धर्तीवर. शत्रू एकच, तो दाखवायची पद्धत बदलली की रोगप्रतिकारशक्ती पुन्हा जोमाने कामाला लागते, असा लसमिश्रणामागचा विचार आहे.

विचार पटण्याजोगा आहे. पण तो सगळीकडे सारखा लागू पडत नाही, हे चाचण्यांतून दिसलं.

सगळ्यात उपयोगी चाचणी ब्रिटनची, कोव्ह-बूस्ट नावाची. २०२१ मध्ये २,८७८ जणांना तिसऱ्या डोससाठी सात वेगवेगळ्या लसी देऊन पाहिल्या. ज्यांचे पहिले दोन डोस अॅस्ट्राझेनेकाचे, म्हणजे आपल्या कोविशील्डचे, त्यांच्यात प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) वाढ करोनाची लस न दिलेल्या गटाच्या तुलनेत सुमारे १.८ पटीपासून ३२ पटींपर्यंत होती. वरच्या टोकाला मॉडर्ना. खालच्या टोकाला व्हॅल्नेव्हाचा अर्धा डोस, आणि व्हॅल्नेव्हा ही कोव्हॅक्सिनसारखीच मारलेल्या विषाणूची लस. तेव्हा "बदलली म्हणजे चांगलंच" हे खरं नाही. कशावरून कशावर जाता, त्यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने कोविशील्ड-कोव्हॅक्सिनची अदलाबदल तपासली, तिथेही हेच दिसलं. दोन कोव्हॅक्सिननंतर कोविशील्ड दिली की प्रतिपिंडं तिसऱ्या कोव्हॅक्सिनपेक्षा खूप जास्त वाढली. दोन कोविशील्डनंतर कोव्हॅक्सिन देऊन तसा फायदा झाला नाही. ब्राझीलमध्ये चिनी कोरोनाव्हॅकचे दोन डोस घेतलेल्यांवर प्रयोग झाला. तीसुद्धा मारलेल्या विषाणूची लस. तिसरा डोस फायझर, अॅस्ट्राझेनेका, जॅन्सेन यांपैकी कुठलाही दिला तरी तो तिसऱ्या कोरोनाव्हॅकपेक्षा सरस ठरला.

सासऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी सिद्धार्थनगरची आठवण काढली. उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात २०२१ च्या मे महिन्यात १८ गावकऱ्यांना चुकून पहिला डोस कोविशील्डचा आणि दुसरा कोव्हॅक्सिनचा दिला गेला. लोक घाबरले होते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्यांचा अभ्यास केला. कुणाला गंभीर त्रास झाला नाही आणि प्रतिसाद एकाच लसीवाल्यांपेक्षा चांगला निघाला. गोष्ट खरी आणि धीर देणारी आहे, पण त्यात माणसं अठराच होती आणि प्रश्न दुसऱ्या डोसचा होता. तिसऱ्याचा निर्णय तिच्यावर बेतू नये. मिश्रण धोक्याचं नाही, एवढा भरवसा मात्र तिच्यावरून जरूर घ्यावा.

म्हणून कोव्हॅक्सिनवाल्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: बदला. कोविशील्ड नियमात बसत नव्हती, तेव्हा कोर्बेव्हॅक्स. तिच्या बूस्टर चाचणीत १८ ते ८० वयाचे ४१६ जण होते, काहींनी आधी कोविशील्ड घेतलेली, काहींनी कोव्हॅक्सिन. दोन्ही गटांत विषाणू निकामी करणारी प्रतिपिंडं लक्षणीय वाढली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. ही तुलना नुसत्या औषधविरहित इंजेक्शनशी होती, तिसऱ्या कोविशील्डशी किंवा कोव्हॅक्सिनशी नव्हती. "कोर्बेव्हॅक्स सगळ्यांत भारी" असं कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर या चाचणीतून तसं निघत नाही. मारलेल्या विषाणूवरून दुसऱ्या प्रकाराकडे जाण्याला मात्र वेल्लोर आणि ब्राझील दोन्हींचा आधार आहे.

कोविशील्डवाल्यांची गोष्ट इतकी सरळ नाही. त्यांना खरी उडी मिळते ती फायझर-मॉडर्नाच्या एमआरएनए लसींनी (यांत काटेरी प्रथिनाचा आराखडा विषाणूच्या वाहकाशिवाय टोचतात), आणि त्या भारतात मिळत नव्हत्या. तिसरी कोविशील्ड वाया जात नाही. कोव्ह-बूस्टमध्ये तिनेही प्रतिपिंडं वाढवलीच, फक्त माफक. त्याच चाचणीत नोव्हाव्हॅक्स ही प्रथिनाची लस तिच्या बरीच पुढे होती. कोर्बेव्हॅक्सही प्रथिनाचीच, पण वेगळ्या तुकड्याची आणि वेगळ्या पूरक द्रव्याची (लसीचा परिणाम वाढवणाऱ्या), म्हणून नोव्हाव्हॅक्सचे आकडे तिला चिकटवणं बरोबर नाही. माझं मत असं: दोन्ही समोर असतील तर कोर्बेव्हॅक्स घ्या. केंद्रावर फक्त कोविशील्ड असेल तर तीच घ्या, दुसरीसाठी दोन महिने थांबू नका. साठीपुढच्या, मधुमेहाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला लसीच्या निवडीपेक्षा थांबण्याचं नुकसान मोठं आहे. डिसेंबर २०२२ पर्यंत पात्र प्रौढांपैकी फक्त २७-२८ टक्क्यांनी तिसरा डोस घेतला होता. हा आकडा वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण राहिलेल्यांत आमच्या आईसारखी माणसं होती.

नाकातल्या लसीचं सगळ्यांना कुतूहल आहे. प्रत्येक नाकपुडीत चार थेंब, सुई नाही. विषाणू नाकातूनच शिरतो, म्हणून तिथल्या ओल्या पडद्यावरच पहारा बसवायचा, ही कल्पना मला फार आवडते. आणखी एक बारकावा: हीसुद्धा चिंपांझीच्या विषाणूवर बसवलेली लस आहे, पण तो कोविशील्डमधला विषाणू नव्हे, वेगळ्या जातीचा आहे. बूस्टर म्हणून तिची चाचणी सुमारे ८७५ जणांवर झाली. लोकांना द्यायला सुरुवात होऊन मात्र तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते. सुईची धास्ती असलेल्या तरुणाने जरूर घ्यावी. पंच्याहत्तरीच्या माणसासाठी, इतर काही मिळत असताना, मी तेव्हा तिची वाट धरली नसती. ज्यांचा तिसरा डोस आधीच झालाय त्यांना ही चौथा म्हणून मिळत नव्हती, हे लसीकरणावरच्या राष्ट्रीय सल्लागार गटाच्या कोविड कार्यगटाचे तेव्हाचे प्रमुख एन. के. अरोरा यांनी डिसेंबरातच स्पष्ट केलं होतं.

खर्चात फरक होता. खासगी रुग्णालयात कोविशील्ड साधारण ३८६ रुपयांना पडायची, कोर्बेव्हॅक्स ४०० च्या आसपास. इन्कोव्हॅकची किंमतच ८०० अधिक जीएसटी, सेवाशुल्क धरून हजाराच्या घरात जायची.

त्रासाचं म्हणाल तर दंड दुखणं, कणकण, एखादा दिवस अंग मोडून येणं. लस बदलल्यावर हे थोडं जास्त होऊ शकतं आणि दोन दिवसांत निवळतं. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा प्रकार फार विरळा, आणि तोही बहुतेक पहिल्या डोसनंतर दिसलेला. पहिल्या दोन डोसांपैकी एकानंतर मोठी अॅलर्जी आली असेल, तर तीच लस पुन्हा न घेता डॉक्टरांशी बोला. सासरे रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्यांच्यासाठी परिचारिकेला आधी सांगायचं, बारीक सुई वापरायची आणि टोचल्यावर दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांसाठी वेगळा हिशेब होता. तिथे सप्टेंबर २०२२ पासून ओमायक्रॉनसाठी सुधारलेली फायझर-मॉडर्ना मिळत होती, कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन घेतलेल्यांनाही, आणि तेव्हा फुकट. आपल्याकडच्या चारही लसी (कोविशील्ड, कोव्हॅक्सिन, कोर्बेव्हॅक्स, इन्कोव्हॅक) ओमायक्रॉनच्या बऱ्याच आधीच्या, सुरुवातीच्या विषाणूवर बेतलेल्या होत्या. महिन्या-दीड महिन्यात विमान असेल तर तिथे जाऊन घेणं बरं होतं. उन्हाळ्यात जायचं असेल तर इथे घेऊन निघणं.

जाण्याआधी केंद्रावर फोन करावा लागायचा. कोविशील्डची एक व्हायल (कुपी) दहा जणांची असायची आणि उघडल्यावर चार तासांत संपवावी लागायची, म्हणून बरीच केंद्रं माणसं जमल्याशिवाय ती उघडत नव्हती. मोबाईल नंबर पहिल्या दोन डोसांना दिलेलाच सांगावा लागायचा, नाहीतर कोविनवर नव्याने पहिला डोस म्हणून नोंद व्हायची. आईच्या बाबतीत हेच होणार होतं, जुना नंबर भावाचा निघाला. तिला गेल्या मंगळवारी कोर्बेव्हॅक्स मिळाली, सासऱ्यांना शुक्रवारी. आईचा दंड दीड दिवस दुखला. सासऱ्यांना काहीच झालं नाही, आणि त्यामुळे ते आता विचारताहेत की लस लागली तरी का. लागली. दंड दुखण्यावरून लसीचा गुण मोजता येत नाही.