ग्लॉक १९, अकरा महिने आणि पहाटे तीनचा चहा

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर पहिलं पिस्तूल घेतलं. ग्लॉक १९, जेन ५, म्हणजे पाचव्या पिढीचं, ९ मिमीच्या गोळीचं. परवा हिशेबाची वही काढली तर साधारण बावीसशे काडतुसं उडवून झाली आहेत, म्हणजे पिस्तुलापेक्षा काडतुसांवरच जास्त पैसे गेलेत. एवढ्या वापरानंतर दोन शब्द बोलायला हरकत नसावी. आधीच सांगतो, पिस्तुलाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मी काय आधी घेतलं आणि काय नंतर, याबद्दल.

आम्ही अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोत राहतो. आमच्या गल्लीत दोन घरं सोडून एका देशी कुटुंबाकडे घरफोडी झाली आणि सगळं सोनं गेलं. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना आता पाठ झालंय. त्या आठवड्यापासून मी रात्री पिस्तुलांचे व्हिडिओ बघायला लागलो. बायको म्हणाली, "अरे, ते लोक लग्नाला ह्यूस्टनला गेले होते. घर रिकामं होतं. तुझं पिस्तूल काय एकटंच उठून गोळ्या झाडणार होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचं सोनं दुसऱ्याच दिवशी बँकेच्या लॉकरमध्ये गेलं. पिस्तुलाचं खूळ मात्र डोक्यातून जाईना.

खूळ तसं जुनंच. पाटणजवळच्या आमच्या वाडीत आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती, रानडुकरांपासून भुईमूग राखायला. निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात जमा करावी लागायची. मला लहानपणी वाटायचं, बंदूकही मतदानाला जाते. भारतात ९ मिमी हा सामान्य माणसाला बंदी असलेला बोअर. खटपट करून परवाना मिळालाच तर .३२ बोअरवर समाधान मानायचं. इथे येऊन तरी कुठे सुटका होती? एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेपर्यंत हात लावायची चोरी. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा इथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण त्या भानगडीत मी पडलो नाही. बारा वर्षांनी ग्रीन कार्ड हातात पडलं तेव्हा मोकळा झालो.

खरेदीचा कागद एकच, फॉर्म ४४७३. दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, आणि ग्रीन कार्डवाल्याला आपला एलियन नंबर, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून मिळालेला क्रमांक, लिहावा लागतो. दुकानदार ती माहिती एफबीआयच्या तपासणीला पाठवतो. कुणाचं पाच मिनिटांत होतं, माझं 'डिलेड' आलं आणि तिसऱ्या कामाच्या दिवशी 'प्रोसीड'. टेक्ससमध्ये त्यापुढे नोंदणी नाही की पोलिस ठाण्याची फेरी नाही. आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला खोटारडा ठरवलं असतं.

आता निवड. घ्यायच्या आधी तीन शनिवार नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याची पिस्तुलं चालवली. कुणी विचारलं तर माझा पहिला सल्ला हाच असतो, दुकानाच्या काउंटरवर हातात घेऊन काहीही कळत नाही. सिग पी३६५ हातात घेतलं तेव्हा वाटलं, हेच. छोटं, पातळ, खिशात मावेल असं. चालवल्यावर पन्नास गोळ्यांत अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. दोष पिस्तुलाचा नाही. काडतूस तेच आणि हत्यार हलकं, म्हणजे झटका हाताने सोसायचा. ते कमरेला लावून फिरणाऱ्यांसाठी बनलंय, मला घरात ठेवायचं होतं. सीझेड ७५ पोलादी आणि वजनदार, त्यामुळे उसळी कमी. मन त्यावर बसलं होतं. शेवटी १९ घेतलं याची कारणं अगदीच रुक्ष आहेत: मुठीत बसणारं १५ काडतुसांचं मॅगझिन, रिकाम्या मॅगझिनसह पाऊण किलोच्या आत वजन, मूठ माझ्या पंजात बसते, आणि सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतात. ९ मिमी का, तर काडतूस स्वस्त आणि झटका सोसवणारा.

त्याच दुकानात हिला विक्रेत्याने एक मुठीएवढं गुलाबी पिस्तूल दाखवलं, "लेडीजना हेच आवडतं" म्हणून. हिने रेंजवर त्यातून पाच गोळ्या झाडल्या, ते टेबलावर ठेवलं आणि मनगट चोळत म्हणाली, "हे ज्याने बायकांसाठी बनवलं त्याला बायको नसणार."

पहिल्या महिन्यात माझं पिस्तूल चार वेळा अडकलं. काडतुसाची रिकामी पुंगळी पिस्तुलाच्या वरच्या, ती बाहेर पडायच्या खिडकीत उभीच राहायची, चुलीच्या धुराड्यासारखी. म्हणूनच इथले लोक त्याला 'स्टोव्हपाइप' म्हणतात. मी पिस्तुलावर चिडलो होतो. शिकवणाऱ्या बाईंनी तेच पिस्तूल घेतलं, माझ्याच मॅगझिनमधून पंधरा गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. मग माझ्या मनगटाला धरून म्हणाल्या, इथे ढिलं आहे. गोळी सुटताना स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते ती हाताच्या आधारावर. हातच मागे गेला तर स्लाइड पुरती मागे जात नाही, पुंगळी बाहेर फेकली जात नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरायला लागलो तेव्हापासून आजतागायत एकही अडकलेली नाही.

दुसरी खोड वाईट होती. माझ्या सगळ्या गोळ्या खाली डावीकडे. मी म्हणत होतो नेमकाटा वाकडा आहे. बाईंनी मला पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत दोन-तीन प्लास्टिकची खोटी मिसळली. कुठलं कधी येणार ते मला माहीत नाही. तिसऱ्या वेळी चाप दाबला, नुसतं 'टक्' झालं, आणि नळीचं टोक भसकन दोन इंच खाली गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गोळी सुटायच्या आधीच मी घाबरून हात खाली दाबत होतो. मागे हिचं हसू ऐकू येत होतं. कानात फोमचे बोळे आणि वर मफ असूनही.

त्यावर औषध घरातच आहे. रोज रात्री दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाचा सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत, मॅगझिन बाहेर, चेंबर, म्हणजे नळीतला काडतूस बसायचा कप्पा, डोळ्यांनी बघायचं आणि वर करंगळी घालूनही तपासायचं, मग समोरच्या नेमकाट्यावर एक नाणं ठेवून चाप दाबायचा. नाणं पडलं नाही पाहिजे. पहिल्या आठवड्यात नाणं शोधण्यातच निम्मा वेळ गेला. करंगळीची सवय ग्लॉकला विशेष हवी, कारण साफसफाईला स्लाइड काढायची तर चाप दाबावाच लागतो. आणि बाहेरून लावायचा सेफ्टीचा खटका त्याला नाही. आतल्या सेफ्ट्या आपलं काम करतात, पण बोट चापावर ठेवायचं नाही ही सेफ्टी आपली आपणच.

हे सगळं मी .२२ वर, म्हणजे बारीक गोळीच्या पिस्तुलावर, शिकलो असतो तर पैसा आणि अपमान दोन्ही वाचले असते. हिने चौथ्या महिन्यात रुगर मार्क फोर भाड्याने घेतलं आणि त्या दिवशी आमच्या घरातला खरा नेमबाज कोण ते ठरलं. .२२ ला झटका जवळजवळ नाही, आवाज कमी, काडतूस ९ मिमीच्या पाव किमतीत. माणूस घाबरत नाही म्हणून वाईट सवयी लागत नाहीत. रुगर कंपनीची सुरुवातच १९४९ साली .२२ च्या पिस्तुलाने झाली, आणि मार्क फोर त्याचंच नातवंड. साफसफाईला मागचं एक बटण दाबलं की उघडतं. बायको कोल्हापूरची. तिला कुणी .२२ ला खेळणं म्हणालं की लगेच ऐकवते, "आमच्या राही सरनोबतने २०१८ ला इंडोनेशियातल्या पालेम्बांगला एशियाडचं सुवर्ण याच .२२ वर मारलंय." आता आमच्या घरी मार्क फोरही आहे. रेंजच्या तासात पाऊण तास ते आणि शेवटची पंधरा मिनिटं ग्लॉक. महिन्यातून दोनदा, मुलं मराठी शाळेत असतात त्या वेळात. परत येताना हात थंड पाण्याने साबण लावून धुवायचे, घरी गेल्यावर शर्ट थेट वॉशिंग मशीनमध्ये. धुरातलं शिसं मुलांच्या अंगाला नको. आणि रेंजवर गळ्याशी बंद शर्ट घाला. शेजारच्या लेनमधली तापलेली पुंगळी माझ्या कॉलरमधून आत गेली होती. त्या वेळी नाचायचं नसतं, पिस्तुलाचं तोंड समोरच ठेवून सोसायचं असतं. डाग अजून आहे.

तिजोरीबद्दल मात्र राग आहे. पहिली घेतली ती बोटाच्या ठशावर उघडणारी. रेंजवरून आलेल्या कोरड्या बोटाला उघडायची, कणीक मळलेल्या बोटाला नाही. एका रविवारी चार वेळा नाही म्हणाली आणि पाचव्यांदा आमच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटाला उघडली. आत तेव्हा काही नव्हतं, मी तपासूनच बघत होतो, तरी पोटात गोळा आला. त्याच दिवशी परत केली. आता चार बटणांची, यांत्रिक, भिंतीच्या खांबाला आतून बोल्ट मारलेली. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी तो रविवार मला पुरला असता. पिस्तुलाआधी तिजोरी घ्या. मी उलट केलं आणि पहिला आठवडा पिस्तूल घरभर जागा बदलत हिंडत होतं.

घराच्या संरक्षणाचं जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते भिंतींचं. आपल्याकडे विटेची भिंत. इथे लाकडी खांब आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता. ९ मिमीची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज ओलांडते. पोकळ टोकाची गोळीसुद्धा चुकली तर थांबेल असं नाही. आमच्या बेडरूमच्या दारातून जिन्याकडे नेम धरला तर मागे धाकटीची खोली येते. एका शनिवारी मी आणि ही, हातात फक्त मोजपट्टी घेऊन घरभर फिरलो आणि ठरवलं: खाली उतरून चोर शोधायचा नाही. मुलांना आमच्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, ९११ लावायचं. गोळी झाडायची वेळ आलीच तर दाराच्या आतल्या एका कोपऱ्यातूनच, कारण तिथून मागे फक्त बाहेरची विटेची भिंत आहे. अख्ख्या घरात एक कोपरा. बावीसशे काडतुसांनी शिकवलं नाही ते मोजपट्टीने शिकवलं.

एप्रिलमध्ये सासरे आले. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. त्यांना रेंजवर नेलं, मोठ्या उत्साहाने. काउंटरवरच्या फॉर्ममध्ये व्हिसाचा प्रश्न आला आणि मला माझाच एच-१बी आठवला. पर्यटक व्हिसावरचा माणूस इथे पिस्तूल हातातसुद्धा घेऊ शकत नाही. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस काचेमागे उभा राहिला आणि जावयाची नेमबाजी बघत राहिला. बाहेर आल्यावर गाडीजवळ म्हणाले, "जावईबापू, चाप ओढता तुम्ही. दाबायचा असतो. अर्धा श्वास सोडा, थांबा, मग दाबा." मी म्हटलं, तुम्ही पिस्तूल बरंच चालवलं असेल. "छे. आम्हाला रायफल. पिस्तूल साहेबांचं."

ते आल्याच्या तिसऱ्या रात्री मला खाली आवाज आला. घड्याळात तीन वाजून दहा. कपाटाचं दार, मग काहीतरी धातूचं ओट्यावर. हिला हलवेपर्यंत माझी बोटं तिजोरीच्या बटणांवर होती. तिजोरी तेव्हा उशाशीच असायची. दोन बटणं दाबली. तिसऱ्याला काय वाटलं कुणास ठाऊक, थांबलो आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन मराठीतच ओरडलो, "कोण आहे?"

"मी आहे. साखर कुठल्या डब्यात ठेवता तुम्ही?"

झोप येत नव्हती म्हणून चहा टाकला होता. मी खाली गेलो, साखर दाखवली, त्यांनी दोन कप गाळले. माझा हात कपावर थरथरत होता ते त्यांना दिसलं असणार.

"काय शोधत होता वर?"

"काही नाही. टॉर्च."

त्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. "टॉर्च उशाशी ठेवा," म्हणाले, "आणि दुसरं जे काही असेल ते जरा लांब."

तिजोरी आता कपड्यांच्या कपाटात आहे, पलंगापासून सात पावलं.