ग्राफिक डिझाइनची पदवी: जे.जे., आयडीसी की एनआयडी?

बारावीनंतर दोन वाटा: बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट) अप्लाइड आर्ट, म्हणजे जुन्या मंडळींचं ‘कमर्शियल’, आणि बी.डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन). दोन्ही चार वर्षांच्या. फरक प्रवेश परीक्षेतच कळतो.

राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या बीएफएची सामाईक प्रवेश परीक्षा, एएसी-सीईटी, मुख्यतः हाताची परीक्षा आहे: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि जोडीला सामान्यज्ञान. वस्तुचित्रात हमखास चूक म्हणजे मगाचं तोंड गोल काढायचं आणि बूड सपाट. वरून पाहताना बुडाची वक्ररेषा तोंडापेक्षा जास्त गोल दिसते. स्मरणचित्रात क्लासमध्ये घोटलेला बाजार उतरवला तर परीक्षकाला पहिल्या फटक्यात ओळखू येतो.

आयडीसी, म्हणजे आयआयटी मुंबईचं डिझाइन स्कूल, तिथल्या बी.डेस.साठी यूसीड ही प्रवेश परीक्षा. ३०० पैकी २०० गुण संगणकावरच्या ‘अ’ भागाला आणि त्यात ठरावीक गुण पडले तरच चित्राचा ‘ब’ भाग तपासला जातो. त्यामुळे नुसतं रेखाटन करत बसलेली चांगली मुलं इथेच गळतात. कला, वाणिज्य, विज्ञान कुठलीही शाखा चालते, पण संधी दोनच, त्याही लागोपाठच्या वर्षी. शिवाय इथली बी.डेस. निव्वळ ग्राफिकची नाही. तो विषय नावानिशी हवा तर अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था). तिथे प्रिलिम्सनंतर मेन्सला प्रत्यक्ष स्टुडिओ टेस्ट असते.

अक्षर, छपाई, जाहिरात हेच करायचं असेल तर आमची पहिली पसंती मुंबईच्या जे.जे. अप्लाइड आर्टला. २०२३ मध्ये जे.जे. अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे प्रवेशाचे नियम चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच वाचा. सीनियरने सांगितलेले चालणार नाहीत.

कॉलेज कुठलंही असो, अर्ज करण्याआधी वार्षिक प्रदर्शन बघून या. चकचकीत मॉकअपवर (डिझाइन खऱ्या वस्तूवर छापल्यासारखं दाखवणारी तयार चित्रं) जाऊ नका, ते फुकट मिळतात. मराठी मजकुराची पोस्टर शोधा. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतोय का? देवनागरीला वर-खाली मात्रा असल्याने त्याच पॉइंट साइजच्या इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये जास्त जागा लागते. जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतोय, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर आलीय? म्हणजे इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीचा कंपोजर (अक्षरं-मात्रा जुळवणारी सेटिंग) लावलेला नाही. दोन क्लिकचं काम. चौथ्या वर्षाच्या भिंतीवर ही चूक टांगलेली दिसली, तर तिथे टायपोग्राफीचा तास फक्त वेळापत्रकात आहे असं समजा.

खासगी संस्थांत खर्च विचारताना लॅपटॉप, प्रिंट आणि बोर्ड वेगळे धरा, फीमध्ये ते सहसा नसतात. काही ठिकाणी संस्थेचा डिप्लोमा आणि त्याला जोडून परराज्यातल्या विद्यापीठाची पदवी असा जोडधंदा चालतो. पदवी नेमकी कोण देणार हे लेखी मागा आणि ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत शोधा. माहितीपत्रकावर विद्यापीठाचं नाव सहा पॉइंटात छापलेलं असेल, तर ते डिझाइन मुद्दाम केलेलं आहे.