थंडरबर्ड, पाच महिन्यांनंतर : अडचण एकाच प्रतीची

गेल्या आठवड्यात बँकेच्या एका शाखेतून फोन आला, की एकाच मालमत्तेचे दोन मूल्यांकन अहवाल तुमच्याकडून आले आहेत, त्यांपैकी ग्राह्य कोणता धरायचा? अहवाल एकच होता, मी तो दोनदा पाठवला होता. पहिल्या वेळी मेल व्यवस्थित गेला होता. फक्त त्याची प्रत ‘सेंट’ फोल्डरमध्ये ठेवता आली नाही, असे थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमने सांगितले होते. घाईत ती सूचना अर्धीच वाचून मेल गेला नसावा असे मी समजलो आणि पुन्हा ‘सेंड’ दाबले. आर्थिक कागदपत्रांच्या कामात असा गोंधळ मला अजिबात परवडणारा नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

थंडरबर्ड घेण्याआधी मी पॉप-३ पद्धतीने मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेत असे आणि सर्व्हरवरची जागा वाचावी म्हणून तेथील मेल लगेच पुसले जातील अशी व्यवस्था केली होती. संगणकाची हार्ड डिस्क गेली तेव्हा तीन वर्षांचा पत्रव्यवहार तिच्याबरोबर गेला. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आयमॅप या दुसऱ्या पद्धतीची कल्पना मांडली ती नेमकी याच्या उलट आहे : मेल सर्व्हरवरच राहावेत आणि संगणकाने ते केवळ दाखवावेत. थंडरबर्ड विनामूल्य आहे आणि वार्षिक वर्गणी भरायची माझी तयारी नव्हती, त्यामुळे निवड सोपी होती.

जोडणीला मात्र दोन दिवस लागले. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५, वापरकर्त्याचे नाव म्हणून संपूर्ण ईमेल पत्ता, हे सर्व बरोबर भरूनही सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राविषयी इशारा येत राहिला. होस्टिंग देणाऱ्यांच्या, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर माझे मेल असतात त्यांच्या, मदत केंद्राने तीन वेळा एकच उत्तर दिले, की ‘अपवाद मान्य करा’. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो मी मानला नाही. प्रमाणपत्र त्यांच्या सर्व्हरच्या नावावर होते आणि मी सर्व्हर म्हणून माझ्या डोमेनचे नाव लिहीत होतो. त्या जागी त्यांच्या सर्व्हरचे मूळ नाव लिहिताच इशारा थांबला.

त्यानंतर शोध, गाळण्या (मेल आपोआप हलवणारे नियम), अनेक खाती एकत्र पाहण्याची सोय, यांपैकी कशाबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पाठवलेल्या मेलच्या प्रतीबद्दल.

माझा अहवाल छायाचित्रांसह साधारण ९ एमबीचा असतो. मेलमध्ये जोडताना प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे तो १२ एमबीच्या पुढे जातो. थंडरबर्ड तो एकदा एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीने पाठवते आणि मग ‘सेंट’ फोल्डरसाठी तोच मजकूर आयमॅपने पुन्हा सर्व्हरवर चढवते. चिपळूणजवळच्या माझ्या गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपलोडचा वेग जेमतेम असतो. एका अहवालामागे २४ एमबी वर चढवणे म्हणजे वेळेचा आणि पैशांचा अपव्यय आहे. जीमेलचा सर्व्हर पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो, माझा सर्व्हर ठेवत नाही. सर्व्हरवर आधीच असलेला मेल तेथूनच उचलून पाठवता यावा यासाठी ‘बर्ल’ नावाचे मानक २००६ मध्येच प्रसिद्ध झाले आहे, परंतु थंडरबर्डमध्ये ती सोय मला कोठेही आढळली नाही. इतक्या चांगल्या प्रोग्रॅममध्ये ही उणीव राहावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसऱ्या महिन्यात मी ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये जाऊन प्रत ठेवणेच बंद केले आणि हाच योग्य मार्ग आहे असे दोन परिचितांना सांगितलेही. ते मत आता मी मागे घेतो. एका पक्षकाराने मेल मिळालाच नाही असे म्हटले तेव्हा दाखवायला माझ्याजवळ काहीही नव्हते. तेव्हा प्रत पुन्हा सुरू केली आणि त्यातूनच अहवाल दोनदा जाण्याचा प्रसंग उद्भवला.

सध्याची व्यवस्था अशी आहे. प्रत ठेवणे बंद करून प्रत्येक मेलच्या बीसीसीमध्ये (इतरांना न दिसणाऱ्या पत्त्यांच्या रकान्यात) माझाच पत्ता आपोआप येईल असे केले आहे, आणि प्रेषक मी असेन तर मेल ‘सेंट’मध्ये हलवावा अशी गाळणी लावली आहे. हे हलवणे सर्व्हरवरच होते, त्यासाठी काहीही पुन्हा चढवावे लागत नाही. ‘सिंक्रोनायझेशन’मध्ये ५०० केबीपेक्षा मोठे मेल उतरवू नयेत असे सांगितल्यामुळे ती प्रत संगणकावर उतरतही नाही. मात्र ही गाळणी संगणक सुरू असतानाच चालते. तोपर्यंत फोनवर पाहिले, तर माझेच मेल इनबॉक्समध्ये पडलेले दिसतात.

याहून गंभीर मर्यादा अशी, की अशा प्रकारे परत आलेल्या प्रतीत बीसीसीमधील इतर पत्ते उरत नाहीत. आणखी कोणाला मेल पाठवला होता याची नोंद हवी असेल, त्या वेळी मी लिहिण्याच्या खिडकीतील ‘ऑप्शन्स’मधून ‘सेंड अ कॉपी टू’ निवडून ‘सेंट’ फोल्डर दाखवतो. असे मेल महिन्याला दोन-तीनच असतात. तेवढ्यांसाठी दुप्पट डेटा खर्च करायला माझी हरकत नाही.