जुना हँडिकॅम, गड्ड्याचं शूटिंग आणि दातेरी नंदीध्वज: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) चांगला असताना "सेन्सर बदलावा लागेल" असं सांगून माझ्याकडून चेकिंगचे पाचशे रुपये घेतले गेले, म्हणून हे सविस्तर लिहितेय. कॅमेरा फुल एचडी, एव्हीसीएचडी फॉरमॅटवाला, कार्डावर शूट करणारा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्यांकडून सेकंडहँड घेतलेला. त्याची माहिती सगळीकडे मिळते, ती परत उतरवत नाही. घरी केलेलं शूटिंग नातेवाइकांच्या फोनपर्यंत पोचेपर्यंत त्याची काय दशा होते, त्याबद्दल लिहायचंय. आणि त्यातही सगळ्यात जास्त आडव्या रेषांबद्दल, कारण त्यावर कोणीच नीट बोलत नाही.

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याला, बाळीवेशीतल्या मैत्रिणीच्या गच्चीवरून नंदीध्वजांची (यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक घेतली. हिरेहब्बू वाड्यातून निघालेले सातही नंदीध्वज गर्दीच्या वर डुलत येताना झूममध्ये काय सुंदर दिसत होते! घरी लॅपटॉपवर लावलं तर प्रत्येक नंदीध्वजाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते. ध्वज क्षणभर स्थिर उभा राहिला की चित्र स्वच्छ, डुलला की दाते. बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घातलेल्या लोकांच्या हलणाऱ्या बाह्यांनाही तेच. मागची घरं, तारा, पताका मात्र एकदम नीट.

सर्व्हिस सेंटरला दाखवलं. त्यांनी माझीच क्लिप त्यांच्या कॉम्प्युटरवर लावली आणि मिनिटभरात निकाल दिला.

"ताई, सेन्सर गेलाय की ओ. पूर्ण युनिट बदलावं लागेल."

"दादा, सेन्सर गेला असता तर मागच्या भिंतीवर पण रेषा दिसल्या असत्या ना? हलतंय तिथेच का दिसतात?"

"जुना मॉडेल आहे, असंच होतं."

युनिटचा सांगितलेला खर्च मी कॅमेऱ्याला दिलेल्या पैशांपेक्षा जास्त होता. मी नाही म्हटलं, चेकिंगची पावती घेतली आणि घरी आले. एचडीएमआय केबलने कॅमेरा सरळ टीव्हीला जोडला. तीच क्लिप, तेच नंदीध्वज, एकही दाता नाही! केबल घेऊन परत गेले, त्यांच्याच टीव्हीवर लावून दाखवलं. त्यांनी पाहिलं, गप्प राहिले, आणि चेकिंग चार्ज परत मिळत नसतो असं सांगितलं. पाचशे रुपयांपेक्षा जास्त राग मला याचा आला की असे किती चांगले कॅमेरे सेन्सरच्या नावाखाली भंगारात गेले असतील.

आता कारण. हे कॅमेरे नेहमीच्या सेटिंगला १०८०, ५०आय असं शूट करतात. म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र घेतलं जातं, पण दर वेळी निम्म्याच ओळी: एकदा १, ३, ५, पुढच्या वेळी २, ४, ६. या दोन अर्ध्या चित्रांत १/५० सेकंदाचं अंतर असतं. तेवढ्यात नंदीध्वज थोडा सरकलेला असतो. कॉम्प्युटर दोन्ही अर्धी चित्रं एका फ्रेममध्ये विणून दाखवतो, त्यामुळे एक ओळ इकडे, एक तिकडे, आणि कडेला दाते. अशा अर्ध्या-अर्ध्या चित्रांना इंटरलेस्ड म्हणतात. टीव्हीला हे सिग्नल पहिल्यापासून ओळखीचे, तो स्वतःच डीइंटरलेस करून, म्हणजे त्यांची पूर्ण चित्रं करून दाखवतो. उंच, उभी, बारीक आणि आडवी हलणारी वस्तू ही यासाठी सगळ्यात वाईट. नंदीध्वज नेमका तसाच. दुसऱ्या कुठल्या गावात हा कॅमेरा वापरला असता तर कदाचित मला वर्षभर पत्ताही लागला नसता.

म्हणून खर्चाआधी दोन गोष्टी करा. कॅमेरा टीव्हीला जोडून बघा, आणि स्टँडवर ठेवून न हलणाऱ्या भिंतीचं शूटिंग करा. दोन्ही स्वच्छ असेल तर सेन्सरला हात लावू देऊ नका.

यावर औषध फुकटात मिळतं: हँडब्रेक नावाचं व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर. मोफत, ओपन सोर्स, आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. त्याच्या प्रीसेटमध्ये (तयार सेटिंगमध्ये) डीकोम्ब नावाचा फिल्टर मुळातच चालू असतो. फाइल टाकली, काही न बदलता स्टार्ट दाबलं, दाते गायब. मला खरंच विश्वास बसेना. कॅमेऱ्यातली एका मिनिटाची फाइल २४ एमबीपीएसला (सेकंदाला २४ मेगाबिट) साधारण १८० एमबी असते. तिचा मूळच्या पासंगालाही न पुरणारा आकार झाला आणि चित्र मूळच्यापेक्षा स्वच्छ. यात जादू नाही. ते दाते म्हणजे चित्रातला खोटा बारीक तपशील, आणि बारीक तपशील साठवायला बिट खर्च होतात. दाते काढले की तेवढे बिट खऱ्या चित्राला मिळतात.

इथपर्यंत माझं मत होतं की एवढं केलं की पुरे. त्यानंतर ते बदललं. टीव्हीवर नंदीध्वज जसे सलग डुलत होते तसे या नव्या फाइलमध्ये डुलत नव्हते, बारीकशी थरथर होती. कारण साध्या डीइंटरलेसमध्ये ५० अर्ध्या चित्रांची २५ पूर्ण चित्रं होतात, म्हणजे निम्मी हालचाल जाते. त्यासाठी फिल्टरमध्ये यादिफ निवडून त्याचा प्रीसेट बॉब ठेवायचा. मग प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम होते आणि सेकंदाला ५० फ्रेम मिळतात. सोबत व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० ऐवजी ५० करायलाच हवा, नाहीतर बॉबने केलेल्या जादा फ्रेम पुढे गळून जातात. फाइल मोठी होते, पण मिरवणुकीला दुसरा मार्ग नाही. बारसं, वाढदिवस, कोणी बसून बोलतंय, तिथे २५ पुरतात आणि जागा वाचते.

हँडब्रेकमधला क्वालिटीचा आरएफ आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १०८० साठी २० ते २४ च्या मधे ठेवावा, मी २२ ठेवते. लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपवर चालणारा वेगवान एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) आहे, तो मी उन्हाळ्यात वापरून पाहिला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, पंखा सुरू असूनही लॅपटॉपला हात लावता येत नाही, त्यामुळे काम पटकन उरकणं बरं वाटतं. पण त्याच दर्जाला फाइल मोठी येते. आता मी एक्स२६४ हा प्रोसेसरवर चालणारा हळू एन्कोडर लावते आणि रात्री जेवणं झाल्यावर रांग लावून झोपते. वेळ जातो, पैसे जात नाहीत.

कॉम्प्रेशनची खरी परीक्षा गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाची. संमती कट्ट्यावर "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की चारी बाजूंनी अक्षता पडतात. व्हिडिओ लहान कसा होतो, तर मागच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला एवढंच लिहून ठेवलं जातं. हवेत उडणारा प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला जातो, शिवाय हजारो हात वर. सरकलेला तुकडा असा सापडतच नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं. ठरलेल्या बिटरेटवर एका फेरीत एन्कोड केलं की नेमक्या त्या क्षणी चित्राचे चौकोन चौकोन होतात, ज्या क्षणासाठी आपण पहाटेपासून जागा धरून उभं राहिलेलो असतो. आरएफवर केलं तर तिथे आपोआप जास्त बिट जातात आणि मंत्र सुरू असतानाच्या शांत भागातून वाचवले जातात. म्हणून आकाराची सक्ती नसेल तेव्हा आरएफच, दुसरं काही नाही.

सक्ती असते ती व्हॉट्सअॅपला. भिवंडीच्या आत्यांचा फोन जुना, जागा भरलेली, म्हणून मी क्लिप १६ एमबीत बसवते. हिशोब सोपा: १६ एमबी म्हणजे १२८ मेगाबिट. तीन मिनिटांच्या क्लिपला सेकंदाला साधारण ७०० किलोबिट येतात, त्यात आवाजाचे शंभर गेले. एवढ्यात ६४० बाय ३६० आकार आणि २५ फ्रेम नीट बसतात, टू-पास (दोन फेऱ्यांत एन्कोड) मात्र लावा. अक्षतांची क्लिप असेल तर एका मिनिटापेक्षा मोठी करू नका, तिला सेकंदाला दोन हजारांच्या आसपास किलोबिट लागतातच. ज्यांच्याकडे वायफाय आहे त्यांना पूर्ण फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवते, ती व्हॉट्सअॅप पुन्हा दाबत नाही आणि २ जीबीपर्यंत जाते.

एक गोष्ट इथे ठळक करून सांगते. इंटरलेस्ड फाइल आधी लहान करून मग डीइंटरलेस करायला गेलात तर उपयोग शून्य. लहान करताना दोन्ही अर्धी चित्रं एकमेकांत मिसळतात आणि एका नंदीध्वजाचे दोन पुसट नंदीध्वज होतात. ते पुन्हा कधीच वेगळे होत नाहीत. आधी डीइंटरलेस, मग आकार. हँडब्रेक हा क्रम स्वतः सांभाळतं. फोनमधली बरीच कॉम्प्रेस करणारी अॅप्स सांभाळत नाहीत.

यूट्यूबवर अनलिस्टेड करून टाकलं की लिंक असणाऱ्यांनाच दिसतं, घरच्या कार्यक्रमांना ते उत्तम. १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ असेल तर आधी फोन नंबरने खातं व्हेरिफाय करावं लागतं. १०८० ला त्यांची शिफारस २५-३० फ्रेमला ८ एमबीपीएस आणि ५० ला १२ अशी आहे. ५० फ्रेम टिकवायच्या असतील तर किमान ७२० आकाराचं अपलोड करा, त्याखाली ते निम्म्या करतात. आणि डीइंटरलेस करूनच टाका, तेही हेच सांगतात.

कॅमेऱ्याबद्दल बाकीचं थोडक्यात. एवढा ऑप्टिकल झूम बहुतेक फोनला जमत नाही, गच्चीवरून तर नाहीच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातल्या ट्यूबलाइटखाली या ५०च्या कॅमेऱ्यात लुकलुक येत नाही, ३० फ्रेमवर लावलेल्या फोनमध्ये बऱ्याचदा येते. अंधारात चित्र दाणेदार होतं, आणि ते दाणेही कॉम्प्रेशनला अक्षतांइतकेच जड जातात. पांढरी बाराबंदी दुपारच्या उन्हात पार जळते, एक्स्पोजर थोडं खाली ओढावं लागतं. बॅटरी जुनी होती, नवी घेतली.

कार्डावरून नुसत्या एमटीएस (व्हिडिओच्या) फाइल उचलू नका, एव्हीसीएचडीचा पूर्ण फोल्डर कॉपी करा. मोठं शूटिंग कॅमेरा आपणच तुकड्यांत तोडतो. ते तुकडे वेगवेगळे कन्व्हर्ट केले की जोडाच्या ठिकाणी आवाज क्षणभर तुटतो. आधी जोडून मग कन्व्हर्ट केले तर तुटत नाही. आणि कन्व्हर्ट झालं म्हणून मूळ फाइल पुसू नका. उद्या यापेक्षा चांगला फिल्टर आला तर तो मूळ फाइललाच लावता येणार.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव ५०पी वर घेतला. मेनूत थोडं आत तो पर्याय सापडला, २८ एमबीपीएस, पूर्ण फ्रेम, दात्यांचा प्रश्नच नाही. रथापुढच्या लोकांच्या कडा बॉब केलेल्या ५०आयपेक्षाही रेखीव आल्या. मग सगळं त्यावरच का घेत नाही? तासाला साडेबारा जीबी लागतात. ३२ जीबीच्या कार्डावर अडीच तास, आणि १७ एमबीपीएसच्या ५०आयला चार तासांच्या वर. लग्नाला मी अजूनही ५०आयच ठेवते. मिरवणूक असली की ५०पी.

आता एक विनंती. मामांच्या मिनीडीव्ही टेपा एका स्टुडिओत दिल्या होत्या, त्यांनी फक्त छोट्या एमपी४ करून दिल्या. डीव्हीत खालची अर्धी चित्रं आधी येतात, एव्हीसीएचडीत वरची. त्यांनी हा क्रम उलटा धरला, त्यामुळे सगळी माणसं चालताना पुढे-मागे धक्के खात चालतात. एमपी४ वर ते दुरुस्त होत नाही, टेपेवरूनच परत घ्यायला हवं. कॅमेरा मामांकडे आहे, चालू आहे. टेपचा कॅमेरा जोडायला लागणारा फायरवायर पोर्ट असलेला लॅपटॉप मात्र नवी पेठेतल्या दुकानांत विचारूनही मिळाला नाही. तासाची टेप उतरायला तासच लागतो आणि १३ जीबी जागा लागते, ती हार्डडिस्क माझी. सोलापुरात कोणाकडे असा चालू लॅपटॉप असेल तर कळवा, दिवसाचं भाडं देईन.